उदक सोडण्याआधी

१

गाडी अंगदची होती, पण ड्रायव्हरची सीट अंगदच्या मापाची नव्हती.

बदरोद्दीन मिस्त्री दार उचकटून आत वाकले आणि तसेच थांबले. शहागडला हायवेच्या कडेला, कडुनिंबाखालच्या पत्र्याच्या शेडात, ठोकलेल्या गाड्या सरळ करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. जाणत्या बाईला भाकरी थापतानाच पीठ जुनं की नवं ते कळतं, तसं मिस्त्रींना पत्र्यावर हात फिरवला की मार कुठून आला ते कळायचं. पण या सीटनं त्यांना कोड्यात टाकलं. अंगद सहा फुटांचा गडी. सीट पार मागं सारली तरी त्याचे गुडघे वर यायचे. आणि इथं सीट पुढं, स्टिअरिंगला खेटून. त्यांनी ती मागं ढकलून बघितली. हलेना. खाली हात घातला, तर धडकेनं तळ उचलला होता आणि सीटची पट्टी वाकून जागीच अडकली होती. म्हणजे नंतर कुणी सरकवली असंही म्हणता येत नव्हतं. छातीवरून घ्यायचा सीटबेल्टसुद्धा ताणून बाहेर आलेला, तसाच अडकलेला होता.

दोन महिन्यांवर दिवस झाले होते. नवरात्रातल्या पंचमीला पहाटे ही गाडी पाटाच्या रस्त्यावर बाभळीला धडकली. अंगद स्टिअरिंगपाशी आडवा सापडला, एकटाच. पंचनामा झाला, कागद मिटले. धाकटा भाऊ माऊली यानं सांगितलं, की दादा पहाटे घरी आला, वहिनीशी त्याचं भांडण झालं आणि तो रागाच्या भरात गाडी घेऊन गेला. झालं. दैवशालानं नवऱ्याला खाल्लं, असं गाव म्हणायला लागलं. तेराव्यानंतर तिच्या सासऱ्यांनी, रामरावांनी, तिला माहेरी टेंभुर्णीला पाठवून दिलं. सहा वर्षांची नात, तृप्ती, तेवढी ठेवून घेतली.

पोलिसांनी गाडी सोडली तेव्हा रामरावांनी ती दारात येऊ दिली नाही आणि विकूही दिली नाही. पोराच्या जिवाचा पैसा घरात नको म्हणाले. मग माऊलीनंच काढलं, की गोदाकाठच्या वृद्धाश्रमाला दान करून टाकू. रामरावांना पटलं, पण त्यांनी एक अट घातली. माऊलीला ती आधी सुचायला हवी होती, सुचली नाही. फुटकी वस्तू दानाला चालत नाही. तडा गेलेला तांब्या, फाटकं धोतर, लंगडी गाय, असलं काही दिलं तर दान लागू पडत नाही, असं त्या घरात बापजाद्यांपासून मानत आले होते. म्हणून गाडी आधी सरळ करायची आणि दत्तजयंतीला रामराव हातावरून पाणी सोडून ती आश्रमाला देणार. उदक सोडलं की वस्तू आपली राहत नाही.

त्याच दिवशी दैवशालाचे वडील आणि भाऊ येऊन, तृप्ती कायमची आजोबांकडे राहील, असं लिहून देणार होते. एकाच दिवशी गाडीही सुटणार होती आणि आईच्या हातची लेकही. मध्ये आठ दिवस होते.

मिस्त्रींनी काम फुकट अंगावर घेतलं होतं. शेडची ही जागा चाळीस वर्षांपूर्वी रामरावांनीच दिलेली, बिनकागदाची, नुसत्या शब्दावर.

त्यांनी पुन्हा आत बघितलं. अंगद त्या सीटवर मावत नव्हता. मग पंचमीच्या पहाटे तिथं कोण बसलं होतं?

२

दुसऱ्या दिवशी माऊली आला. बारीक चणीचा, थोरल्या भावाच्या खांद्याला लागणारा. उजवी टाच न टेकवता, चवड्यावर भार देत तो शेडात शिरला. पायाला काय झालं म्हणून मिस्त्रींनी विचारलं, तर जुनंच आहे म्हणाला आणि विषय बदलला.

"चाचा, कामून एवढा कुटाणा करून राह्यले? तशीच ओढून देऊ आश्रमाला. ते भंगारात इकतील."

आश्रम चालवणारे संघपाल सर तिथंच चहा पीत बसले होते. दोन दिवसांनी एकदा ते गाडी कुठवर आली ते बघून जात.

"भंगार घेऊन काय करू?" ते म्हणाले. "आमच्यात बावीस म्हातारे हायेत. दवाखान्यात न्यायचं म्हणलं की रिक्षावाले तोंड फिरवतेत. मला चालती गाडी पाहिजे. मागं एक आडवा माणूस मावला म्हंजे झालं. बसणारे तसे बी थोडेच राह्यलेत."

मिस्त्री हसले. माऊली हसला नाही. संघपाल गेल्यावर तो गाडीभोवती फिरला, पण आत डोकावला नाही. जाता जाता म्हणाला, "आत दादाचं काय सापडलं का?"

"काय सापडायचं?"

"न्हाई, असंच. सापडलं तर माझ्याकडंच द्या. बाबांना दाखवू नका. त्यांचा जीव जळतो."

बापाची काळजी करणारं पोरगं आहे, असं मिस्त्रींना तेव्हा वाटलं.

दुपारी त्यांनी पुढची काच काढायला घेतली. उजवीकडं, ड्रायव्हरसमोर, ती शाबूत होती. डावीकडं कोळ्याचं जाळं पडावं तशी तडकली होती. अंगदला ओढून काढताना लोकांनी फोडली असेल, असं ते धरून चालले होते. हात फिरवला तेव्हा कळलं. काच आतून बाहेरच्या बाजूला फुगली होती. तड्यात दोन केस अडकले होते.

म्हणजे डाव्या सीटवर कुणीतरी होतं, आणि त्याचं डोकं काचेवर आदळलं होतं.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. ड्रायव्हरच्या पायांकडची जागा मोकळी करायची राहिली होती. तळाचा पत्रा दुमडून वर आला होता. पहारीनं तो खाली दाबला, ब्रेकच्या मागं हात घातला, तर बोटांना मऊ काहीतरी लागलं. ओढून ओढून काढलं.

रबरी स्लिपर. एकच, उजव्या पायाची. वरून ब्रेकच्या पेडलाचे आडवे वळ तिच्यात रुतले होते. ती पेडलाखाली सरकली होती, म्हणून ब्रेक दबलाच नव्हता. आणि टाचेच्या जागी रुपयाएवढं गोल भोक होतं. झिजून पडलेलं नव्हे. कापलेलं.

३

अंगद आणि राधेश्याम यांचं भागीत बी-बियाणाचं दुकान होतं, शहागडच्याच चौकात. राधेश्याम शेठ अंगानं असा, की त्या गाडीच्या स्टिअरिंगमागं त्याचं पोटच बसलं नसतं. त्याच्यावर संशय घ्यायचं मिस्त्रींना कारण नव्हतं. त्यांना फक्त त्या रात्रीचं विचारायचं होतं.

शेठनं गल्ल्याजवळची खुर्ची पुढं केली. आधी अंगदबद्दल बरंच बोलला. असा भागीदार पुन्हा मिळायचा नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा त्याचे डोळे खरोखर भरले. मग हळूहळू मुद्द्यावर आला. रब्बीचं हरभऱ्याचं बी त्या रात्री उशिरा उतरलं. अंगद टेम्पोबरोबरच आला होता, गाडी घरी होती. दोन रात्रींचं जागरण आणि वर नवरात्राचा उपास. पोत्यांची थप्पी लागेपर्यंत त्याला उभं राहवत नव्हतं.

"मी म्हणलं, माझी मोटारसायकल घेऊन जा. तर म्हणे, डोळे मिटून राह्यले शेठ, चालवायचं काम न्हाई. घरी फोन लावलाय, न्यायला येतेत. मी गेलो घरी. तो इथं ओट्यावर आडवा झाल्ता."

"मग तो घरी गेलाच न्हाई? भांडण घरी झालं म्हणतेत."

राधेश्याम गोंधळला. त्यानं कधी या अंगानं विचारच केला नव्हता. "घरचेच म्हणले भांडून गेला, तर मला वाटलं, इथून घरी नेला असंल अन् तिथून परत निघाला असंल. मला कुणी काही इचारलं न्हाई, मिस्त्री. अन् मयताच्या घरात आपण होऊन काय बोलावं?"

मिस्त्रींनी मनात अंतर मोजलं. दुकानातून घराकडं जाताना पाटाचा रस्ता लागतो. आणि गाडीचं तोंड धडकेच्या वेळी घराकडं होतं. मार उजव्या कोपऱ्यावर, आणि ती बाभूळ घराकडं जाताना रस्त्याच्या उजव्या अंगाला. घरून निघालेली गाडी तशी लागलीच नसती.

"त्या घरात गाडी चालवतं कोण कोण?"

"अंगद. मंग माऊली." शेठनं तिसरं बोट मुडपलं. "अन् दैवशाला. अंगदनंच शिकवल्ती हौसेनं. बुटकी बाई. सीट पार पुढं ओढल्याबगर पाय पुरायचे न्हाईत तिचे. आम्ही हसायचो."

४

टेंभुर्णीला जायला मिस्त्रींना दोन बस बदलाव्या लागल्या. स्लिपर त्यांनी फडक्यात गुंडाळून पिशवीत घेतली होती. वाटभर ती मांडीवर जड वाटत होती. ही बाईच गाडी चालवत असेल, तर ती नवरा मारून गप्प बसली आहे, आणि तृप्ती आजोबांकडं राहते आहे हेच बरं. आपण काय खणायला निघालो आहोत?

दैवशाला मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. दोन महिन्यांत तिचं तोंड म्हातारं झालं होतं. मार्गशीर्षाची थंडी, फरशी बर्फासारखी, आणि तिच्या पायात काही नव्हतं. टाचा फुटून रक्ताच्या रेघा पडल्या होत्या. आधी तिनं तृप्ती जेवते का तेवढंच विचारलं. मिस्त्रींना सांगता आलं नाही. मग त्या पहाटेचं त्यांनी विचारलं, तेव्हा दोन महिन्यांत शंभरदा सांगितल्यासारखं तिनं सपाट आवाजात सांगितलं. ती घटाजवळ झोपत होती. गाडी चालू झाल्याचा आवाज आला, कुणी नेली ते बघितलं नाही. अंगद घरी आलाच नव्हता. भांडण झालं नव्हतं. हे सासऱ्यांनाही सांगितलं. त्यांनी पोटच्या पोराचं खरं धरलं.

"तुला कुणाचा संशय आला न्हाई?"

"आल्ता एकदा. पण डोळ्यानं बघितलं न्हाई ते तोंडानं कसं म्हणू, चाचा?"

मिस्त्रींची नजर पुन्हा तिच्या पायांकडं गेली. तिनं ते साडीच्या काठाखाली ओढून घेतले.

"नवरात्रात आमच्यात अनवाणी राहतेत. नऊ दिवस. लहानथोर समदे. हे सुद्धा. पोते उचलतानी खडे टोचायचे, तरी पायात घातलं न्हाई. पाचव्या दिवशी हे गेले. घट तसाच उठवला. माझे नऊ दिवस पुरेच झाले न्हाईत. मंग चप्पल कशी घालू?"

मिस्त्रींच्या हातातली पिशवी एकदम हलकी झाली आणि लगेच दुप्पट जड झाली. लहानथोर सगळे अनवाणी. मग ब्रेकखाली स्लिपर कुणाची?

त्यांनी फडकं सोडलं आणि ती तिच्यासमोर ठेवली. दैवशाला पुढं वाकली. मग बोटाच्या टोकानं तिनं टाचेच्या भोकाची कड चाचपली.

"हे भोक मीच पाडलंय," ती म्हणाली. "ब्लेडनं."

५

परतीच्या बसमध्ये मिस्त्री खिडकीशी बसले, पण बाहेरचं काही त्यांना दिसलं नाही.

भोक तिनं पाडलं होतं, पण स्लिपर तिची नव्हती. माऊलीच्या उजव्या टाचेला भोवरी झाली होती, जमिनीवर पाय टेकवेना. सासूबाईंनी देवीपुढं नाक घासून धाकट्याला नवसातून सूट मागून घेतली. त्याच्या टाचेला लागू नये म्हणून घट बसला त्याच दिवशी दैवशालानं स्लिपरला भोक पाडून दिलं. नऊ दिवसांत त्या घरात एकाच माणसाच्या पायात चप्पल होती. पेडल दाबताना स्लिपर पायातून निसटते म्हणून त्यानं ती काढून शेजारी ठेवली असणार, आणि ती ब्रेकखाली सरकली.

हे सांगताना ती रडली नाही. मिस्त्रींनी काय करायचं, तेही बोलली नाही. फक्त एवढं म्हणाली, "मामांचा एक गेलाय, चाचा. आता दुसरा."

मिस्त्रींनाही हेच टोचत होतं. ज्या माणसाच्या जागेवर आपण चाळीस वर्षं भाकरी खाल्ली, त्याचं दुसरं पोरगंही आपणच हिरावून घ्यायचं. स्लिपर भट्टीत टाकली की दोन मिनिटांत धूर. पत्रा सरळ होईल, काच नवी बसेल, उदक सुटेल. आणि एक बाई आयुष्यभर अनवाणी फिरेल.

घरी त्यांनी बायकोला, नसरीनला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ताटातले खडे एका कडेला सारत तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बच्ची जिसकी है, उसको दे देव. बाकी अल्ला देखेगा."

दत्तजयंतीपर्यंत मिस्त्रींनी गाडीला हात लावला नाही.

६

रामराव सकाळीच आले. धुतलेलं धोतर, हातात गोदावरीच्या पाण्यानं भरलेला तांब्याचा तांब्या. मागून माऊली. टेंभुर्णीचे पाहुणे दुपारी येणार होते, संघपाल सर अजून पोचायचे होते. गाडी जशी आली तशीच उभी होती.

"बदरूभाई," रामराव म्हणाले, "हे काय? फुटकीच दिऊ म्हणता?"

"फुटकं दान चालत न्हाई, तुमीच म्हणले होते, रामरावभाऊ. पत्रा म्या उद्या सरळ करीन. पण दुसरं फुटलेलं हाय, ते आधी बघा."

त्यांनी एकेक जागा दाखवली. आवाज चढवला नाही. ही सीट, जिच्यावर अंगद बसूच शकत नव्हता. हा पट्टा, जो कुणीतरी लावलेला होता, आणि अंगद सापडला तो बिनपट्ट्याचा. ही डावीकडची काच, आतून फुगलेली, आणि तिच्यातले केस. अंगद डावीकडं झोपला होता. राधेश्यामच्या दुकानातून त्याला घरी आणलं जात होतं. तो घरी पोचलाच नाही, तर भांडण झालं कुणाशी? चालवणारा बुटका होता. त्या घरात चालवणारे दोनच उरतात. शेवटी त्यांनी फडकं सोडलं.

"नवरात्रात तुमच्या घरात कोणाच्या पायात चप्पल होती, भाऊ?"

रामरावांनी स्लिपरकडं बघितलं. भोकाकडं बघितलं. मग हळूच वळून धाकट्या पोराच्या टाचेकडं बघितलं. माऊली आताही चवड्यावरच उभा होता.

माऊली खाली बसला, गुडघ्यांत तोंड घालून. मग तुटक तुटक बोलला. समोर कुत्रं आलं. ब्रेकवर पाय मारला, ब्रेक लागला नाही. दादा गेला असं वाटलं. बाबांना काय सांगू, या एकाच भीतीनं त्यानं दादाला आपल्या जागेवर ओढलं. स्लिपर शोधली, सापडली नाही. लोक विचारायला लागले, एकटा कुठं चालला होता, तेव्हा तोंडातून भांडण निघून गेलं. एकदा निघालं ते परत गिळता आलं नाही.

"गेला असं वाटलं म्हंजे?" रामरावांनी विचारलं. "जीव होता?"

माऊलीनं तोंड गुडघ्यांतून वर काढलं नाही.

"माऊल्या. जीव होता?"

"ओढतानी डोळे उघडले दादानं." त्याचा आवाज आतल्या आत गेला. "पाणी मागितलं. म्या पळालो."

पाट त्या बाभळीपासून दहा पावलांवर होता. त्या दिवसांत रब्बीचं पाणी सुटलेलं, काठोकाठ.

रामरावांच्या हातात तांब्या होता. त्यांनी त्यात बघितलं, जणू आत कुणाचं तोंड दिसत होतं. मग तो वाकडा केला आणि सगळं पाणी त्या गाडीच्या डाव्या दारापाशी, मातीत, सावकाश ओतलं.

"ऊठ," ते पोराला म्हणाले. "ठाण्यात जायचंय. म्या सोबत येतो."

७

गाडी पुन्हा ठाण्याच्या आवारात गेली. दान राहिलं. संघपाल सरांना मिस्त्रींनी तोंड चुकवतच सांगितलं, तर ते म्हणाले, थांबायचं कसं, ते आमच्या म्हाताऱ्यांना शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी रामराव तृप्तीला घेऊन टेंभुर्णीला निघाले. एकट्यानं जायचं धैर्य होईना, म्हणून मिस्त्रींना बरोबर घेतलं. वाटेत एकदाच म्हणाले, "तुमी सांगितलं नसतं तर म्या तुमाला दुवा दिला असता, बदरूभाई. आता काय देऊ?" आपल्याला काही नकोच आहे, हे मिस्त्रींना म्हणवलं नाही.

तृप्ती दारातूनच आईकडं पळाली. दैवशालानं तिला पोटाशी धरलं आणि सासऱ्यांसमोर डोईवरचा पदर सारखा केला. रामराव उभेच होते. त्यांनी पिशवीतून नव्या चपला काढल्या, गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि सुनेच्या फुटलेल्या पायांपुढं जोडीनं मांडून ठेवल्या. सत्तरीतला सासरा तिच्या पायांशी वाकलेला बघून दैवशालाचे वडील पुढं झाले, पण तिनं हातानं त्यांना थांबवलं.

"चार दिवस राह्यलेत, मामा," ती म्हणाली. "घरी घटाच्या जागेवर पुरे करते. मंग घालते."

तिनं चपला उचलून एका हातात घेतल्या, दुसऱ्या हातानं लेकीचं बोट धरलं आणि चालायला लागली. बसथांब्यापर्यंतची वाट खडीची होती. रामराव चार पावलं तिच्या मागं गेले, थांबले. मग त्यांनी आपल्या पायातल्या वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि तिच्या मागून चालू लागले.